होडी दिसेल तिथे जेवायचं : मुल बेटावरचे सहा दिवस

पहिला दिवस : ग्लासगो ते टोबरमोरी

माझे बाबा मालवणचे आणि आई सांगलीची. ताटात मासा नसेल तर बाबांना जेवल्यासारखं वाटत नाही. आई मासे-मटण शिवत नाही, केकमधलं अंडं तेवढं चालवून घेते. मे महिन्यात दोघं माझ्याकडे ग्लासगोला आली तेव्हा ठरवलं, यांना एखाद्या बेटावर न्यायचं आणि बेत किल्ल्यांवरून नाही, जेवणावरून आखायचा. बेट निवडलं आयल ऑफ मल. इंग्रजी उच्चार असाच आहे, पण मराठीत जेवणाच्या गोष्टींशेजारी हा शब्द बरा दिसत नाही. गेलिक भाषेतला उच्चार 'मुल'च्या जवळ जातो, म्हणून पुढे तसंच लिहिते.

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या इनर हेब्रिडीज बेटांमधलं हे स्कायखालोखालचं मोठं बेट. क्षेत्रफळ पावणेनऊशे चौरस किलोमीटर आणि वस्ती जेमतेम तीन हजार. म्हणजे खाणावळी मोजक्या, आणि प्रत्येकीचे उघडण्याचे वार वेगळे. ऑक्टोबर सरला की बऱ्याच जागा थेट ईस्टरला उघडतात. मी एका कागदावर सगळ्यांचे वार आणि वेळा लिहून घेतल्या होत्या. त्या कागदाचा नकाशापेक्षा जास्त उपयोग झाला.

ग्लासगोहून लॉख लोमंडच्या काठाने ओबनला पोचायला अडीच-तीन तास लागतात. ओबन स्वतःला स्कॉटलंडची सीफूड राजधानी म्हणवतं, आणि त्या नावाची लाज राखणारी जागा म्हणजे फेरीच्या धक्क्यालगतची हिरवी टपरी. नीट बसायची सोय जवळपास नाही. फळकुटावर थाळी ठेवायची आणि उभ्यानेच खायचं. बाबांनी कुर्लीचं सँडविच घेतलं. दोन पावांच्या मध्ये निव्वळ कुर्लीचा गर, मेयोनेज नावापुरतं. बाबांनी पहिला घास घेतला, समोर बांधलेल्या होड्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "होडी हयसरच उभी आसा, मासो शिळो खयसून गावतलो?"

पुढच्या सहा दिवसांत कुठे जेवायचं हे ठरवताना मी दुसरा निकष लावला नाही.

आईसाठी ओबनला काही जमलं नाही, तिची सोय फेरीवर झाली. कॅलमॅक या फेरी कंपनीच्या बोटीवरचं मॅकरोनी अँड चीज इथल्या लोकांचं लाडकं खाणं आहे. गरम, मऊ, भरपूर. आईने वर मिरपूड घातली आणि सगळं संपवलं. ओबनहून क्रेगन्यूरला जायला पाऊण-एक तास लागतो. उजव्या हाताला लिझमोरचा दीपस्तंभ गेला की डावीकडे कड्यावर ड्युआर्टचा किल्ला दिसतो. मॅक्लीन घराण्याचा हा किल्ला पडून होता, तो १९११ साली त्याच घराण्यातल्या फिट्झरॉय मॅक्लीन यांनी परत विकत घेऊन उभा केला.

टोबरमोरी हे बेटावरचं मुख्य गाव. नावाचा अर्थ मेरीची विहीर. १७८८ साली ब्रिटिश फिशरीज सोसायटीने हे मासेमारीचं बंदर म्हणून वसवलं. बंदरासमोरची रंगीत घरं सगळ्यांनी चित्रांत पाहिलेली असतात. आमचं लक्ष त्यांच्यापुढच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या गाडीकडे होतं. फिशरमन्स पियरवरची ही फिश अँड चिप्सची गाडी आहे. मी हॅडक घेतला, बाबांनी स्कॅलप आणि चिप्स. स्कॅलपला मराठीत नाव असल्याचं मला माहीत नाही. पंख्यासारख्या शिंपल्यातला पांढरा, गोडसर, लुसलुशीत गोळा. एवढा नाजूक जीव पिठात बुडवून तळायचा, हे ऐकताना मला पटलं नव्हतं. खाल्ल्यावर पटलं: पीठ पातळ होतं, तेल कडक तापलेलं होतं आणि आत स्कॅलप जेमतेम शिजलेला होता. एक क्षण जास्त ठेवला असता तर रबर झालं असतं.

शाकाहाऱ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगते. स्कॉटलंडमध्ये बऱ्याच ठिकाणी चिप्स गाईच्या चरबीत तळतात. दिसायला फरक कळत नाही, म्हणून 'कशात तळता?' हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी, अगदी न लाजता विचारावा. इथली माणसं सरळ उत्तर देतात. तसंच क्लूटी डंपलिंग हा फडक्यात बांधून उकडलेला गोड पदार्थ. दिसतो फ्रूटकेकसारखा, पण त्यातही परंपरेने चरबी असते.

धक्क्यावर एक घड्याळाचा मनोरा आहे. प्रवासी लेखिका इझाबेला बर्ड यांची बहीण हेन्रिएटा टोबरमोरीत राहायची. १८८० साली ती विषमज्वराने गेली, तिच्या स्मरणार्थ हा मनोरा. याच इझाबेलाबाईंनी बहिणीच्या नावाने अमृतसरला आणि नवऱ्याच्या नावाने काश्मीरमध्ये इस्पितळं काढली. आईला हे सांगितल्यावर ती चिप्सचा पुडा हातात धरून बराच वेळ घड्याळाकडे बघत राहिली. साडेनऊ वाजले होते आणि अजून लख्ख उजेड होता.

दुसरा दिवस : चीज, आइस्क्रीम आणि एक लांब टेबल

टोबरमोरीच्या वर, गावापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर स्ग्रीब-रुआ नावाची गाईंची वाडी आहे. आयल ऑफ मल चीज इथे होतं. रीड कुटुंब चाळीसेक वर्षांपूर्वी सॉमरसेटहून इथे आलं आणि त्यांनी पडीक गोठा उभा केला. कच्च्या दुधाचं, कापडात गुंडाळून मुरवलेलं चेडरच्या जातीचं चीज. त्याची चव नेहमीच्या चेडरपेक्षा उग्र आहे, किंचित आंबूस, जिभेवर रेंगाळणारी. त्यामागचं एक कारण मला फार आवडलं. टोबरमोरीत १७९८ पासूनची व्हिस्कीची भट्टी आहे. व्हिस्की करताना जवाचा अर्क काढून घेतल्यावर जो चोथा उरतो, तो इथल्या गाई खातात. म्हणजे एकच जव एकीकडे बाटलीत जातं आणि दुसरीकडे दुधात. बाबा म्हणाले, आमच्याकडे नारळाची पेंड म्हशीला घालतात तसंच की. अगदी तसंच.

वाडीवर काचेची मोठी वखार आहे, ग्लास बार्न. आत छतभर द्राक्षाचे वेल आणि खाली लाकडी टेबलं. बाहेर पाऊस पडत होता आणि काचेवर त्याचा आवाज येत होता. चीजची पाटी, ओटकेक आणि चटणी असं आम्ही दोघांनी घेतलं. आईचं तसं नव्हतं. पारंपरिक चीज विरजायला बहुधा वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, आणि ती ते खात नाही. तिने लोणी-मुरांबा लावलेला स्कोन घेतला, आणि नंतर दुसराही घेतला.

चीजच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: मुलला जाऊन हे चीज गावातल्या दुकानातून पॅकबंद घेऊ नये. वाडीवर जावं, गाईंचा वास घ्यावा, मग खावं. चव बदलते.

तिथून पश्चिमेला डर्व्हेग आणि पुढे कॅल्गरीचा समुद्रकिनारा. कॅनडातलं कॅल्गरी शहर या खाडीच्या नावावरून वसलं. तिथल्या घोडदळ पोलिसांचे कर्नल मॅक्लाउड इथे पाहुणे म्हणून राहिले होते आणि त्यांनी १८७६ मध्ये हे नाव सुचवलं. पांढरी वाळू आणि हिरवट निळं पाणी. मे महिन्यातही पाण्यात पाय बुडवला तर पोटऱ्यांपर्यंत कळ येते. किनाऱ्याच्या तोंडाशी आइस्क्रीमची खोपटी आहे, तिचं छप्पर म्हणजे उलटी घातलेली होडी. बाबांनी आइस्क्रीम घेण्याआधी त्या होडीच्या फळ्या तपासल्या.

रात्रीसाठी मी दोन महिने आधी जागा धरली होती आणि बाकी सगळी सहल त्या तारखेभोवती बसवली होती. फॅनमोर इथलं क्रॉफ्ट ३. क्रॉफ्ट म्हणजे हायलँड्समधली कुळाची छोटी शेती. जमीनदार कुळांना वाटेल तेव्हा हुसकावत. मोठ्या चळवळीनंतर १८८६ च्या कायद्याने कुळांना जमिनीवर टिकून राहण्याचा हक्क मिळाला. खोती आणि कूळकायदा ज्यांच्या घरात गाजलाय त्या बाबांना हे समजावून सांगावं लागलं नाही. "म्हणजे ही कुळाची वाडी," ते म्हणाले आणि दारातून वाकून आत गेले.

आत दगडी भिंतींचं दुरुस्त केलेलं धान्याचं कोठार आणि लांब टेबलं. अनोळखी माणसांच्या मांडीला मांडी लावून बसायचं. आज काय आहे ते फळ्यावर. शेजारच्याच रानात चरलेल्या काळ्या हेब्रिडियन मेंढीचं मटण होतं. ही मेंढी लहान चणीची, वाढायला वेळ घेणारी. तिचं मांस गडद आणि रानाचा वास असलेलं. त्यावर मसाला जवळजवळ नव्हता. मला भीती होती की बाबांना फिकं वाटेल. त्यांनी हाडं चोखून ताटाच्या कडेला ओळीने मांडली, यापलीकडे मला पावती नको होती. आईसाठी भाज्यांचं वेगळं ताट आधी कळवून ठेवलं होतं. भाजलेलं बीट, चवळीएवढे कोवळे वाटाणे आणि ताज्या चीजचे गोळे. रेनेटचं विचारून घेतलं होतं. शेजारी बसलेल्या एडिंबराच्या जोडप्याने तिला विचारलं की भारतात बीट कसं करतात. आईचं इंग्रजी मोडकं आहे, तिने कोशिंबीर हातांनी करून दाखवली.

तिसरा दिवस : उलवा

या सहलीतलं माझं सगळ्यात आवडतं जेवण या दिवशीचं. तिथे पोचायच्या वाटेवर जे पाहिलं तेही सोडवत नाही.

ग्रुलीनला, रस्त्यापासून थोडं आत, मोकळ्या माळावर एक दगडी समाधी आहे. लॅक्लन मॅक्वारी, १८१० ते १८२१ न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर. ऑस्ट्रेलियात त्याच्या नावाचं विद्यापीठ आणि नद्या आहेत. जन्म शेजारच्या उलवा बेटावरचा. आम्हाला तिथे थांबायचं होतं ते मुंबईमुळे. हा माणूस १७८८ साली फौजेबरोबर मुंबईत आला, १७९३ मध्ये तिथेच जेन जार्विस हिच्याशी त्याचं लग्न झालं. तीन वर्षांत ती मकावला क्षयाने वारली आणि तिला मुंबईत आणून पुरलं. पुढे मुलवर घेतलेल्या या जमिनीला त्याने तिचं नाव दिलं, जार्विसफील्ड. १७९५ साली कोचीनमध्ये त्याने दोन लहान मुलगे गुलाम म्हणून विकत घेतले होते. त्यातला एक पुढे हरवला. दुसरा, जॉर्ज जार्विस या नावाने वाढलेला, मुंबईत शाळेत गेला आणि जन्मभर त्याच्याबरोबर राहिला: सिडनीत आणि इथे या ओल्या माळावरही. त्याचं मूळ नाव समाधीवर कुठे नाही. आई तिथून हलेना. "त्या पोराला इथलं जेवण कसं गेलं असेल," एवढंच म्हणाली.

उलवा फेरीचा धक्का तिथून जवळच आहे. पलीकडचं बेट इतकं जवळ की हाक मारली तर ऐकू जावी, पण हाक मारायची नसते. धक्क्यावरच्या भिंतीवर एक पट्टी आहे, ती सरकवली की खालचा लाल रंग दिसतो. तो पाहून नावाडी पलीकडून होडी आणतो. वेळापत्रक मात्र आधी पाहून जावं, होडी रोज आणि सगळा दिवस नसते. बेटावर डांबरी रस्ता नाही, मोटारी नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथे सहाशेच्या आसपास माणसं राहत होती. समुद्रशेवाळ जाळून राख विकायचा धंदा बसला, मग बटाट्यावर रोग आला, आणि नव्या मालकाने घरामागून घर रिकामं करून मेंढ्या आणल्या. २०१८ साली स्थानिक लोकांनी सरकारी मदतीने आणि वर्गणीने अख्खं बेट विकत घेतलं, तेव्हा रहिवासी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

उतरल्या उतरल्या धक्क्यालगतचं पांढरं घर म्हणजे बोटहाउस. खायचं इथेच, दुसरी जागा नाही आणि लागतही नाही. बाहेर बाकं, समोर पाणी, पाण्यात पिंजऱ्यांची पिवळी-नारिंगी बोयरी. आम्ही लँगुस्टीन मागवले. शेवंडीचा धाकटा भाऊ म्हणा: लांबट नांग्या, पिवळसर लाल कवच, करंगळीच्या दीडपट गर. त्या समोरच्या पाण्यात पिंजरे टाकून हे धरतात. जाळं ओढून धरलेला लँगुस्टीन चेंगरतो. पिंजऱ्यातला जिवंत, धडधाकट वर येतो, म्हणून त्याला भाव. स्कॉटलंडचे बहुतेक चांगले लँगुस्टीन ट्रकांत बसून फ्रान्स आणि स्पेनला जातात. इथल्या घरांत ते पूर्वी फार कोणी खात नसे. बाबांना हे कळल्यावर त्यांनी मान हलवली. आमच्याकडचीही मोठी कोळंबी अशीच बर्फाच्या पेट्यांतून बाहेर जाते आणि गावातल्या माणसाला भाव विचारायची सोय राहत नाही.

थाळी आली तेव्हा कवचं अजून वाफाळत होती. वर लसणाचं लोणी, बाजूला लिंबू, पाव. काटे-चमचे कोणी वापरत नव्हतं. बाबांनी मला लहानपणी कुर्ली फोडायला शिकवली तशीच नांगी फोडून माझ्या ताटात ठेवली. मी अडतीस वर्षांची आहे. मी ती खाल्ली.

इथली कालवंही खाल्ली, इथल्याच पाण्यात वाढवलेली. कच्ची, लिंबू पिळून. बाबा कालवं नेहमी शिजवूनच खातात, त्यामुळे पहिलं त्यांनी जरा वेळ हातात धरलं. आईने गाजराचं सूप आणि घरचा पाव घेतला. सूप कशाच्या पाण्यात केलंय हे विचारलं, भाजीच्याच पाण्यात. मग आम्ही जंगलातून तासभर फिरलो, आणि परतताना किनाऱ्यावरच्या देवदारावर पांढऱ्या शेपटीचा सागरी गरुड बसलेला दिसला. पंख पसरले तेव्हा तो दाराएवढा दिसला.

रात्री माझी चूक झाली. दुपारचं जेवण इतकं भरलेलं होतं की संध्याकाळची जागा धरली नव्हती. सव्वाआठला टोबरमोरीत पोचलो तर पहिल्या ठिकाणी जागा नव्हती, दुसऱ्याचं स्वयंपाकघर आठालाच बंद झालं होतं. बाहेर उजेड असतो, त्यामुळे उशीर झालाय हे कळत नाही. आईच्या पिशवीत मेथीचे ठेपले होते. कॉटेजमध्ये चहा करून ते खाल्ले. मुलवर संध्याकाळी साडेसहा-सातला जेवायला बसायचं, आणि सकाळीच फोन करून ठेवायचा. मोबाइलला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, म्हणून हे गाव सोडण्यापूर्वी करावं.

चौथा दिवस : आयोना

टोबरमोरीहून फिनफर्टला गाडीने दोनेक तास लागतात. बराच रस्ता एकेरी आहे, समोरून गाडी आली की बाजूच्या कोनाड्यात थांबायचं आणि हात उंचावायचा. बाबा दर गाडीला हात करत होते.

फिनफर्टच्या उतारावर, आयोनाच्या फेरीच्या तोंडाशी क्रील सीफूड बार नावाची छोटीशी टपरी आहे. क्रील म्हणजे कुर्ल्या-शेवंडी धरायचा पिंजरा. कुर्लीचं सँडविच, स्कॅलप, त्या दिवशी जे आलं असेल ते. संपलं की संपलं, म्हणून जाताना खावं, परत येताना खाऊ असं म्हणू नये. आम्ही गुलाबी ग्रॅनाइटच्या खडकांवर बसून खाल्लं. ओबनच्या सँडविचशी तुलना व्हायचीच होती: बाबांच्या मते ओबनचं भरगच्च, इथलं गोड. मला इथलं जास्त आवडलं. पाव घरचा होता.

आयोनाला पाहुण्यांच्या मोटारी जात नाहीत. दहा मिनिटांत फेरी पोचवते. इसवी सन ५६३ मध्ये कोलंबा नावाचा आयरिश साधू इथे उतरला आणि मठ उभा राहिला. मठाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी आर्गाइल हॉटेलच्या मळ्याबद्दल लिहिते. हॉटेलची स्वतःची सेंद्रिय बाग आहे आणि दुपारच्या ताटात त्यातलं बरंच येतं. आईला या सहलीत पहिल्यांदा मेनूवर निवडायला काहीतरी मिळालं, 'शाकाहारी काय आहे' असं विचारून जे असेल ते घ्यावं लागलं नाही. तिने पालेभाजीचा टार्ट घेतला, सोबत कच्च्या पानांचा ढीग, त्यात मुळ्याची फुलं. तिने एक एक पान उचलून चाखलं आणि ओळखायचा प्रयत्न केला. अंबाडीसारखं आंबट एक पान होतं, ते तिने रुमालात गुंडाळून घेतलं, मला घरी ओळखून सांग म्हणाली. तो सॉरेल होता, आपल्याकडच्या चुक्याचाच भाऊबंद.

दगडी कुंपणाजवळ उभं राहिलं की शेतातून क्रेक-क्रेक असा खरखरीत आवाज येत होता. कॉर्नक्रेक. ब्रिटनमध्ये आता थोड्याच ठिकाणी उरलेला पक्षी, एप्रिल-मे महिन्यांत आफ्रिकेतून इथल्या गवतात येतो. दिसला नाही.

पाचवा दिवस : रस्त्यावरचे शिणाणे

बेटाच्या दक्षिणेला लॉख स्पेल्व्ह नावाची खाडी आहे. तिथे पाण्यात दोर सोडून त्यांवर शिंपले वाढवतात, इंग्रजीत मसल्स, मालवणीत शिणाणे. त्यांना वेगळं खाणं घालावं लागत नाही, पाण्यातलं बारीक जीवन गाळून ते वाढतात. लॉखबुईच्या रस्त्याला या शिंपल्यांच्या जाळीच्या पिशव्या ठेवलेल्या असतात आणि शेजारी पैशांचा डबा. दुकानदार नाही. पिशवी घ्यायची, पैसे टाकायचे. बाबांनी पिशवी उघडून एक हातात घेतला. आमच्याकडचा शिणाणा कडेला हिरवा असतो, हा निळसर काळा आणि जरा लहान. "ह्यां आमच्या शिणाण्यांच्याच घरातलां," ते म्हणाले.

रस्त्याच्या टोकाला लॉखबुई. जुन्या पोस्टात दुकान आणि चहाची जागा आहे, तिथेही बराचसा व्यवहार विश्वासावर. सूप, केक, किटलीतला चहा. मागे शेतात दगडांचं वर्तुळ आहे, हजारो वर्षांचं, चिखलातून जावं लागतं. आम्ही केक हातात घेऊनच गेलो.

संध्याकाळी कॉटेजमध्ये स्वयंपाक. आई शाकाहारी असूनही मालवणी मसाला दर उन्हाळ्यात तीच भाजते. बाबांना दुसऱ्या कोणाच्या हातचा चालत नाही. त्याचा अर्धा किलोचा पुडा आणि सोलं तिच्या बॅगेत होती. सुकं खोबरं आणि नारळाचं दूध टोबरमोरीच्या को-ऑपमध्ये मिळालं. शिणाणे बाबांनी साफ केले. उघडं दिसेल ते ओट्यावर हलकेच आपटायचं, मिटलं नाही तर फेकायचं. कडेची दाढी ओढून काढायची. पातेल्यात पाणी जवळजवळ घालावं लागत नाही, त्यांचंच सुटतं. उघडले की लगेच उतरवायचे, आणि शिजल्यावरही जे मिटलेले राहतात ते खायचे नाहीत. मग कांदा, भाजलेलं खोबरं, मसाला, चार सोलं. सोबत भात.

शाकाहारी ताटात त्याच मसाल्यातले बटाटे. इथले बटाटे पिठूळ असतात, रस छान धरतात.

खिडकीतून टोबरमोरीचं बंदर दिसत होतं, आणि त्यात ओळीने होड्या. बाबांनी दोनदा भात घेतला. उकडीच्या तांदळाची त्यांनी आठवण काढली, पण तक्रार केली नाही. जेवण झाल्यावर टोबरमोरीच्या भट्टीची लेचिग, धुराचा वास असलेली व्हिस्की, एक बोटभर घेतली. नाव लेडेग असं लिहितात, उच्चार लेचिग.

मसाल्याचा वास जिन्यावर गेला असावा. खाली राहणाऱ्या घरमालकीणबाई वर आल्या, काही जळतंय का बघायला. आईने त्यांना बसवलं आणि वाटी पुढे केली. त्या मुलवर जन्मलेल्या, शिंपले आयुष्यभर कांदा आणि पांढऱ्या वाइनमध्ये केलेले. त्यांचं नाक लाल झालं, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी रिकामी वाटी परत आईपुढे धरली.

सहावा दिवस : परत

सकाळची फेरी होती, म्हणून निघायची घाई. आयलंड बेकरीच्या लेमन मेल्ट्स बिस्किटांचे चार डबे घेतले. ही सेंद्रिय बिस्किटं इथेच लाकडाच्या भट्टीत भाजतात आणि सांगलीला पोचेपर्यंत टिकतील असं आईचं म्हणणं.

मी सामान खाली नेत होते तेव्हा आई स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून काहीतरी लिहीत होती. उरलेला मसाला तिने मुरांब्याच्या रिकाम्या बरणीत भरला होता. चिठ्ठीवर मोठ्या, सुट्या इंग्रजी अक्षरांत तिने मला विचारून विचारून लिहिलं: एक किलो शिंपल्यांना दोन चमचे, खोबरं आधी भाजणे, पाणी घालू नये. बाबांनी ते वाचलं, पेन घेतलं आणि खाली आपल्या हाताने एक ओळ वाढवली: त्याच दिवशीचे शिंपले.

बरणी आणि चिठ्ठी खालच्या दाराच्या पायरीवर ठेवली आणि आम्ही क्रेगन्यूरला निघालो.